भारत की श्रीलंका : दूरसंचार आणि प्रसारणात पुढे कोण?

प्रश्नकर्त्याने विचारले आहे की, दूरसंचार आणि प्रसारण या क्षेत्रांत भारत पुढे आहे की श्रीलंका, की एवढ्याशा बेटाची भारताशी तुलना करणेच मुळात चूक आहे. यातला शेवटचा भाग मी आमच्या दाजींच्या तोंडून अनेक वर्षे ऐकत आलो आहे, म्हणून हे उत्तर जरा लांबेल.

दाजी दूरसंचार अभियंता म्हणून निवृत्त झाले. २००७ साली मी एका बांधकाम प्रकल्पासाठी कोलंबोत राहत असताना ताई आणि ते दोघे सुट्टीला आले होते. एका संध्याकाळी गॉल फेसच्या हिरवळीवर मी खिशातून फोन काढून कँडीतल्या एका सहकाऱ्याला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन दाजींच्या हातात दिला. श्रीलंकेत ३जी, म्हणजे व्हिडिओ कॉल शक्य करणारी तिसऱ्या पिढीची मोबाइल सेवा, २००६ मध्येच सुरू झाली होती, भारतात मात्र ती तेव्हा कोणाकडेच नव्हती. दाजींनी कँडीच्या त्या माणसाची आस्थेने विचारपूस केली, फोन मला परत दिला आणि म्हणाले, "दोन कोटींचा देश आहे रे, इथे काय अवघड आहे? आमच्यासारखा शंभर कोटींचा पसारा सांभाळून दाखवा म्हणावं." ताईने विषय बदलायचा प्रयत्न केला, पण त्या रात्रीचे जेवण याच वादात थंड झाले.

माझे म्हणणे तेव्हाही हेच होते आणि आजही आहे : आकाराची सबब इथे लागू होत नाही. भारतात मोबाइलचे परवाने मंडळनिहाय, म्हणजे देशाचे विभाग पाडून, दिले जात होते आणि मुंबई हे स्वतंत्र मंडळ होते. शंभर कोटींची वाट न पाहता एकट्या मुंबईत ३जी सुरू करायला कोणते तंत्र आडवे येत होते? अडले होते ते लहरींच्या, म्हणजे स्पेक्ट्रमच्या, वाटपात. खासगी कंपन्यांसाठी ३जीचा लिलाव व्हायला २०१० उजाडले. त्याआधीचा हिशेबही फारसा वेगळा नाही. कोलंबोत मोबाइल सेवा १९८९ मध्ये आली, तर भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी केला.

प्रसारणाची गोष्ट याहून बोलकी आहे, आणि ती आपल्या पिढीला ठाऊक असूनही तिचा अर्थ कोणी नीट लावत नाही. महायुद्धात दोस्त सैन्यासाठी उभारलेला दूरवर पोहोचणारा शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक युद्धानंतर सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, हाती आला. रेडिओ सिलोन हे सरकारी केंद्रच होते. पण त्या सरकारने १९५० मध्ये जाहिराती घेणारी व्यापारी सेवा सुरू केली. इकडे १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, म्हणजे आपलेच मराठी गृहस्थ, चित्रपटसंगीताला आकाशवाणीवरून हद्दपार करण्याच्या मागे लागले. परिणाम असा की अमीन सयानी मुंबईत बोलत, फिती कोलंबोला जात आणि तिथून निघालेला 'बिनाका गीतमाला'चा आवाज दर बुधवारी सांगली-मिरजेतल्या घरांत पोहोचे. गाणी आपली, निवेदक आपला, श्रोते आपले, आणि जाहिरातीचे उत्पन्न मात्र सिलोनला. दाजी यालाच "आपल्याच मालावर त्यांनी धंदा केला" असे म्हणतात. केला असेल, पण दार कोणी लावून घेतले होते? विविध भारती १९५७ मध्ये आली आणि तिच्यावर जाहिराती १९६७ मध्ये मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांपासून सुरू झाल्या, म्हणजे सिलोननंतर तब्बल सतरा वर्षांनी. शास्त्रीय संगीताच्या प्रसारासाठी केसकरांनी केलेले काम मी नाकारत नाही. मात्र लोकांनी काय ऐकावे हे मंत्र्याने ठरवू नये, एवढे साधे तत्त्व त्यांना मान्य नव्हते.

दूरचित्रवाणीत आपण फार आधी सुरुवात केली, दिल्लीत १९५९ मध्ये आणि मुंबईत १९७२ मध्ये. श्रीलंकेत ती १९७९ मध्ये आली आणि जपानी साहाय्याने उभी राहिलेली 'रूपवाहिनी' १९८२ मध्ये. इथे दाजींचा गुण मान्य. आज मोबाइल डेटाच्या बाबतीत, विशेषतः २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर, भारताने घेतलेली झेपही मोठी आहे. पण खासगी एफएमचे काय? कोलंबोत मी कार्यालयात जाताना खासगी केंद्रांवरच्या बातम्या ऐकत असे. आपल्याकडे खासगी एफएम केंद्राला आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. फार तर आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावता येते. बातम्यांच्या शेकडो खासगी वाहिन्या चालतात आणि रेडिओवर मात्र बातमी चालत नाही, याचे समर्थन मला आजवर कोणाकडून ऐकायला मिळालेले नाही, दाजींकडूनही नाही.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर कोणी हे वाचून श्रीलंकेला माध्यमस्वातंत्र्याचे माहेरघर समजेल. जानेवारी २००९ मध्ये मी तिथेच होतो. ६ तारखेला पहाटे शस्त्रधारी टोळीने 'सिरसा' या खासगी दूरचित्रवाणी वाहिनीच्या केंद्राची नासधूस केली आणि ८ तारखेला संपादक लसंथ विक्रमतुंगे यांची भर रस्त्यात हत्या झाली. त्या आठवड्यात आमच्या कार्यालयात राजकारणावर कोणी मोठ्याने बोलत नव्हते. तेव्हा परवाना उदार असला म्हणजे पत्रकार सुरक्षित असतो असे नाही, आणि तुम्ही हा विषय अभ्यासासाठी घेतला असेल तर या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासा. दाजी माझ्या या कबुलीचा लगेच फायदा घेतात आणि २०१९ च्या ईस्टर स्फोटांनंतर श्रीलंकेने फेसबुक-व्हॉट्सॲप बंद केल्याचा दाखला देतात. तो खरा आहे. मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काश्मीरमध्ये बंद झालेले ४जी फेब्रुवारी २०२१ मध्ये परत आले, आणि हे निघाले की दाजींना चहा हवासा वाटतो.