फरशीखाली गरम पाणी

प्रश्न : खानापूरचं जुनं घर दुरुस्तीला काढलंय. थंडीत आईला फरशी सोसत नाही. खाली गरम पाण्याच्या नळ्या घालाव्यात का?

उत्तर : घाला, पण फक्त आईंच्या खोलीत. आपल्याकडची थंडी थोड्या महिन्यांची. अख्ख्या घराचा खर्च मला पटत नाही. आधी उंची मोजा. इन्सुलेशन (ऊब खाली जाऊ न देणारा थर), नळ्या, कोबा, फरशी मिळून 10 सेंमीच्या आसपास चढते, दार अडतं. नळी पेक्सची (उष्णता सोसणारं खास प्लास्टिक), 16 मिमी. नळीचा एक सलग फेरा 100 मीटरच्या आत, कोब्यात सांधा अजिबात नको. कोबा घालण्यापूर्वी दाबाची चाचणी स्वतः उभं राहून बघा, गवंड्याला घाई असते. पाणी 35 ते 45 अंश पुरे. वर शहाबादी उत्तम. खालचं इन्सुलेशन मात्र वगळू नका, नाहीतर बरीच ऊब जमिनीतच मुरेल.