वाचकांचे प्रश्न : मावशींबरोबर बाबांना कुठे नेता येईल?

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. दीड वर्षापूर्वी पक्षाघात झाल्यापासून त्यांची डावी बाजू अशक्त आहे. आधार दिला तर ते क्षणभर उभे राहतात, पण घराबाहेर व्हीलचेअर लागते. मी नोकरी करते. दिवसभर ब्युरोकडून आलेल्या मावशी त्यांच्याजवळ असतात आणि त्यांचे सगळे मनापासून करतात. बाबा मात्र दवाखान्याखेरीज कुठेही गेलेले नाहीत. विषय काढला की, ‘माझी वरात कशाला काढता?’ म्हणतात. कोथरूडहून मावशींबरोबर जाता येईल असे एखादे ठिकाण सुचवाल का?

– एक वाचक, पुणे

उत्तर : ‘वरात’ या शब्दातच बाबांची अडचण आहे. चारचौघांत आपल्याला उचलून न्यावे लागेल, ही कल्पनाच त्यांना सहन होत नसावी. म्हणून जिथे एकही पायरी चढावी लागत नाही, तिथूनच सुरुवात करावी, आणि कोथरूडकरांसाठी ते ठिकाण म्हणजे मेट्रो, असे माझे स्पष्ट मत आहे. वनाजहून गाडी सुरू होते, रस्त्यावरून वर नेणारी लिफ्ट असते, फलाट आणि डब्याची जमीन जवळजवळ एका पातळीवर असते आणि डब्यात व्हीलचेअरसाठी जागा राखलेली असते. डेक्कननंतर मार्ग मुठेच्या काठाने जातो. ज्या माणसाने उभा जन्म या शहरात काढला, त्याला दीड वर्षानंतर नदी, पूल आणि पलीकडच्या पेठा वरून पाहायला मिळणे ही साधी गोष्ट नव्हे. पहिल्या दिवशी कुठेही न उतरता तसेच परत यावे. दुपारी गर्दी कमी असताना निघावे.

खरी परीक्षा घरापासून स्थानकापर्यंतच्या रस्त्याची असते. एका रविवारी तुम्ही आणि मावशी रिकामी खुर्ची घेऊन तो रस्ता पार करून पाहा. फुटपाथवरून खाली उतरताना खुर्ची उलटी फिरवून मोठी चाके आधी उतरवायची, म्हणजे बसलेला माणूस पुढे कलंडत नाही. तीव्र उतारावरही असेच मागे मागे उतरायचे. एक फूट उंचीला किमान बारा फूट लांबीचा उतार असावा, असे प्रमाण आहे. त्याहून उभा उतार दिसला की मावशींनी एकटीने धाडस करू नये. रिक्षात किंवा गाडीत बसवताना खुर्ची अशी लावावी की बाबांची उजवी, म्हणजे धडधाकट बाजू आसनाकडे येईल. आधी ब्रेक लावावा, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला कराव्यात, आणि डाव्या हाताला धरून कधीही ओढू नये, कारण पक्षाघातानंतर तो खांदा सहज दुखावतो.

बाहेर जायचे म्हणून पुष्कळ ज्येष्ठ मंडळी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. हे फार वाईट. युरिन पॉट आणि एक पंचा पिशवीत ठेवावा आणि स्थानकावरचे स्वच्छतागृह आधी पाहून ठेवावे, म्हणजे त्यांची धास्ती कमी होईल. गिळायला त्रास असेल, तर बाहेरचे खाणे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मेट्रो अंगवळणी पडली की सारसबागेत जावे. तळ्यातल्या गणपतीपर्यंत पायऱ्या आहेत, तेव्हा दर्शनाचा हट्ट न धरता हिरवळीच्या कडेने फिरावे. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामा शहरातील कोराकुएन बागेच्या धर्तीवर घडवलेले आहे. तिथे चढउतार आहेत, पण प्रवेशद्वाराजवळच्या भागात अर्धा तास बसले तरी पुरे.

मावशींबद्दलही थोडे. त्या दिवशी त्यांच्यावर जास्त जबाबदारी असते, म्हणून त्यांच्या चहा-नाश्त्याचे आणि भाड्याचे पैसे आधीच द्यावेत. उशीर झाला तर त्याचा मोबदलाही द्यावा. त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगा : कोणी बाबांच्या डोक्यावरून ‘यांना काय हवे?’ असे विचारले, तर त्यांनी ‘त्यांनाच विचारा’ म्हणावे. दिवस, वेळ आणि कुठवर जायचे, हे बाबांनी ठरवावे आणि मेट्रोच्या तिकिटाचे पैसेही त्यांनीच आपल्या उजव्या हाताने द्यावेत.