"पित्या" या शब्दापाशीच अडकते

प्रश्न : अक्का, सलाम. मी ३१ वर्षांची, नंदुरबार जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मागच्या पावसाळ्यात माझे बाबा गेले. तेव्हापासून पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही. पेपर तपासायचे गठ्ठे तसेच पडलेत. कधी वाटतं, सकाळी उठूच नये. डॉक्टरांनी नैराश्य सांगून गोळ्या दिल्या, आज बारा दिवस झाले, फरक नाही. चर्चच्या भगिनी मंडळात म्हणतात, विश्वास पुरेसा असता तर गोळ्या कशाला लागल्या असत्या? पाळकसाहेबांनी उपास सुचवला. गोळ्या मी तूरडाळीच्या डब्यात लपवते, नवऱ्यालाही माहीत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे मला प्रार्थनाच करता येत नाही. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणायला जाते आणि "पित्या"पाशीच घसा बंद होतो. देवाने मला सोडलं का?

उत्तर : बेटा, "सकाळी उठूच नये" हे वाक्य तू पत्राच्या मध्येच सहज लिहून टाकलंस. ते डॉक्टरांना सांगितलंस का? नसेल तर उद्याच सांग, अगदी याच शब्दांत. मध्यरात्री असं वाटलं तर १४४१६ ला फोन लाव. ती सरकारची टेलिमानस सेवा, फुकट, रात्रीही चालू, मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटला तर नवऱ्याला उठव आणि ११२ ला फोन कर. एकटी बसू नकोस.

आता गोळ्या. बारा दिवसांत फरक दिसला नाही म्हणून घाबरू नकोस. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. मनाने बंद करू नकोस, एकदम सोडल्या की चक्कर येते, जीव घाबरतो. आणि काही खायचंच नाही असा उपास तुला सध्या नको. पाळकसाहेबांना माझं नाव सांग. मी नर्स होते, त्यांच्याशी बोलेन. भगिनी मंडळात बीपीची गोळी न घेणाऱ्या किती जणी आहेत, तेही जरा मोजून बघ!

प्रार्थनेचं मात्र मला सावकाश सांगू दे.

१९९६ साली माझं दुसरं बाळ पोटातच गेलं. मी दवाखान्यात लोकांना गोळ्या वाटायचे आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. एक प्रचारक आले, डोक्यावर हात ठेवून म्हणाले, घरात काही लपलेलं पाप असेल. त्या दिवसापासून माझी प्रार्थना बंद पडली. सासूबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, शास्त्र सगळं ऐकून पाठ. त्या चुलीपुढे कळण्याची भाकरी थापताना तीच "हे आमच्या स्वर्गातील पित्या" ही प्रभूची प्रार्थना मोठ्याने म्हणू लागल्या. मी रडले तर म्हणाल्या, "तू नको बोलू, मी बोलस तुनासाठी. तू फक्त आयक." चार महिने रोज. मधल्या काळात धुळ्याला नेऊन डॉक्टरांनाही त्यांनीच दाखवलं. गोळ्या मी आठ महिने घेतल्या. गुण गोळ्यांनी आला की भाकरीपुढच्या प्रार्थनेने, ते मी आजवर वेगळं करू शकले नाही, आणि करायची गरजही वाटली नाही.

पुढे बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचला तेव्हा थबकले. कफर्णहूमात चौघे जण पक्षाघाती माणसाला खाटेवरून आणतात, गर्दीमुळे दारातून जाता येत नाही, म्हणून छप्पर उकरून त्याला येशूपुढे सोडतात. माझं माहेर साक्री तालुक्यातलं, धाब्याचं घर. लाकडं, काटक्या, वर पांढरी माती. ते छप्पर उकरायचं म्हणजे काय, किती धूळ, घरमालकाच्या किती शिव्या, हे मला डोळ्यांपुढे दिसतं. आणि तिथे लिहिलंय, "त्यांचा विश्वास पाहून". खाटेवरचा माणूस तोंडातून शब्द काढत नाही, विश्वासाचं नाव काढत नाही. कोणी त्याला विचारतही नाही.

तू सध्या खाटेवर आहेस. तू "पित्या" म्हणू शकत नाहीस, कारण तुझे बाबा गेलेत. हा अविश्वास नाही, हे दुःख आहे. स्तोत्रसंहितेतलं ८८ वं स्तोत्र कधीतरी शेवटपर्यंत वाच. ते अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ जोडलेली नाही, तरी शास्त्रात आहे.

खाट उचलायला चौघे शोध. मंडळीतली एखादी कमी बोलणारी बाई बघ. सल्ला देणारी नको. तिला म्हण, "रविवारी माझ्या शेजारी बस, माझ्यासाठी तू म्हण." मागच्या बाकावर बस, मधूनच उठून गेलीस तरी चालेल.

पण पहिला खांदा नवऱ्याचा. आज रात्री जेवणं झाली की तूरडाळीचा डबा त्याच्यापुढे ठेव आणि झाकण त्यालाच काढू दे.