यंत्रणेपेक्षा ती वापरणाऱ्या माणसांत रस असेल तर

प्रश्न : मुलगी बी.ई. आयटीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कोडिंग जमतं, पण यंत्रणा वापरणारी माणसं तशी का वागतात, यातच तिला गोडी. प्रोजेक्टला ‘आय-स्टार’ मॉडेलिंग (कोणाला काय हवं आणि कोण कोणावर अवलंबून, हे आकृतीत मांडायची पद्धत) घ्यायचं म्हणते. यावर नोकरी मिळेल का? – एक पालक, सांगली

उत्तर : नमस्कार. मिळेल, पण जाहिरातीत ‘आय-स्टार’ शोधू नका. बिझनेस अ‍ॅनालिस्ट किंवा रिक्वायरमेंट्स अ‍ॅनालिस्ट शोधा, म्हणजे यंत्रणेकडून लोकांना नेमकं काय हवं (रिक्वायरमेंट्स) ते शोधून लिहिणारी पदं. फ्रेशरला हे पद थेट क्वचितच देतात. बरेच जण टेस्टिंग किंवा सपोर्टमधून इकडे वळतात, म्हणून एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि एक प्रोग्रामिंग भाषा तिने पक्की ठेवावीच.

विषय मात्र तिने फार चांगला निवडलाय. एरिक यू यांनी टोरांटो विद्यापीठातल्या १९९५च्या प्रबंधात ही पद्धत मांडली. २०१६मध्ये तिची २.० आवृत्ती आली. यूज केसमधून, म्हणजे यंत्रणा कशी वापरली जाते त्याच्या वर्णनातून, कोण काय करतं ते कळतं. आय-स्टारमध्ये तो माणूस ते का करतो आणि त्यासाठी कोणावर अवलंबून आहे, हे काढायचं असतं.

उदाहरण रेशन दुकानाचं घ्यावं. कार्डधारक, दुकानदार, पुरवठा कार्यालय आणि अंगठा घेणारं ई-पॉस मशीन हे चार अ‍ॅक्टर, म्हणजे आकृतीतली पात्रं. समजा, बांधकामावर राबणाऱ्या बाईचा अंगठा मशीन घेत नाही. माहिती कुठून कुठे जाते ते दाखवणाऱ्या डेटा फ्लो डायग्राममध्ये ही ‘ऑथेंटिकेशन फेल’ (ओळख पटली नाही) अशी एक फांदी. आय-स्टारमध्ये दिसतं की नियमात दुसरा पर्याय असला, तरी तो वापरायचा की ‘उद्या या’ म्हणायचं, हे दुकानदाराच्या हातात आहे. त्याचं कमिशन क्विंटलमागे ठरतं; एका कार्डासाठी रांग अडवून त्याच्या पदरात काय पडणार? खरी अडचण इथे आहे, आणि ती कोड बघून सापडत नाही.

हमखास चूक बाणांची होते. धान्य दुकानदाराकडून कार्डधारकाकडे येतं म्हणून मुलं बाणही तसाच काढतात. पण अवलंबून कार्डधारक आहे, म्हणून बाण त्याच्याकडून दुकानदाराकडे जायला हवा. दुसरी चूक म्हणजे घरी बसून आकृती काढणं. दोन दुकानं, पाच-सहा कार्डधारक आणि पुरवठा निरीक्षक यांच्याशी बोलल्याशिवाय पेन उचलू नये. आतले हेतू उलगडून दाखवणारी सविस्तर आकृती फक्त दुकानदाराची पुरे. चौघांची काढली तर कोणी वाचणार नाही. आकृती काढायचं ‘पायस्टार’ हे साधन ब्राउझरमध्येच चालतं.

मुलाखतीला आकृतीसोबत तिच्यातून निघालेल्या तीन-चार रिक्वायरमेंट्स न्याव्यात. उदाहरणार्थ : अंगठा दोनदा फेल झाल्यास मशीनने पर्याय आपोआप समोर आणावा, आणि धान्य नाकारल्यास कारण नोंदवल्याशिवाय पुढचं कार्ड घेऊ नये.