डेसिमेट : दहातला एक की बहुतेक सगळे?

प्रश्न असा आहे. वादळाने एका बेटावरचे पक्षी 'डेसिमेट' केले, असे वाक्य एका इंग्रजी बातमीत होते. ते वाचून प्रश्नकर्त्याच्या मित्राने हरकत घेतली : या शब्दाचा अर्थ फक्त एक दशांश नष्ट करणे, बातमीदाराला इंग्रजी येत नाही. मित्राचे खरे का? आणि मराठीत याला काय म्हणायचे?

मित्राची व्युत्पत्ती बरोबर आहे, हरकत मात्र चुकीची.

शब्दाच्या पोटात दहा आहेत हे नक्की. लॅटिनमध्ये दहावा म्हणजे 'डेकिमुस'. आपल्या 'दशम'चा हा सख्खा चुलतभाऊ. डेसिमल त्यातूनच आला, आणि जुन्या रोमन पंचांगात दहावा असलेला डिसेंबरही त्याच कुळातला. त्यावरून झालेले क्रियापद 'डेकिमारे', म्हणजे दहावा काढणे. कशासाठी काढायचा? मारण्यासाठी. ही रोमन सैन्यातली शिक्षा होती.

एखादी तुकडी रणातून पळाली किंवा तिने बंड केले, तर सगळ्यांना मारणे परवडणारे नसे आणि सगळ्यांना सोडणेही. मग चिठ्ठ्या काढायच्या. ज्याची चिठ्ठी निघेल त्याला त्याच्याच सोबत्यांनी सोटे-दगडांनी ठेचून मारायचे. तो सगळ्यात भेकड होता की शेवटपर्यंत लढला होता, याला काही किंमत नाही. उरलेल्यांना गव्हाऐवजी जव, जे एरवी जनावरांपुढे टाकायचे, आणि मुक्काम छावणीच्या तटबंदीबाहेर. हे वर्णन पॉलिबिअस या ग्रीक इतिहासकाराचे. गंमत म्हणजे तोही काटेकोर नाही. कधी पाच, कधी आठ, कधी वीस जण निवडत, एकूण गुन्हेगारांच्या साधारण दशांश भरतील इतके, असे तो सांगतो. म्हणजे दहाचा हिशेब खुद्द रोममध्येच अंदाजपंचे होता!

सगळ्यात गाजलेला प्रसंग क्रॅसस या रोमन सेनापतीचा, इ.स.पू. ७१च्या सुमाराचा. स्पार्टाकसच्या नेतृत्वाखाली बंड केलेल्या गुलामांपुढून क्रॅससचे सैनिक शस्त्रे टाकून पळाले. प्लुटार्क हा ग्रीक चरित्रकार सांगतो की त्यातले ५०० जण वेगळे काढून त्यांचे दहा-दहाचे ५० गट केले आणि प्रत्येक गटातला एक मारला. ही प्रथा तेव्हा जुनी होऊन बंद पडली होती. क्रॅससने ती पुन्हा उकरून काढली.

इंग्रजीत शब्द आला तो दोन तोंडांनी. एक हे शिक्षेचे, दुसरे कराचे, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा वसूल करणे. इंग्लंडमध्ये राजेशाही हटवल्यानंतर आलेल्या क्रॉमवेलच्या राजवटीत १६५५ साली राजाच्या जुन्या पाठीराख्यांवर जो कर बसवला, त्याचे नावच 'डेसिमेशन' होते. कराचा अर्थ पुढे मागे पडला. शिक्षेच्या अर्थातला आकडा गळाला आणि संहार तेवढा राहिला. ही तक्रारसुद्धा मित्राची एकट्याची नाही. अमेरिकन यादवी युद्धाच्या बातम्यांत हा शब्द मोठ्या कत्तलीसाठी वापरला गेला, म्हणून रिचर्ड ग्रँट व्हाइट या भाषाटीकाकाराने १८७०मध्येच नाक मुरडले होते. भाषेने ऐकले नाही. आज कोशात 'मोठा भाग नष्ट करणे' हाच मुख्य अर्थ मिळतो.

आपण तरी वेगळे काय करतो? 'पंचाईत झाली' म्हणताना पाच पंच कुठे बसलेत असे कोणी विचारत नाही. शतपावली घालणारा पावले मोजत नाही.

तरी दोन ठिकाणी मला हा शब्द खटकतो. एक, जिथे शेजारीच टक्केवारी असते : 'चाळीस टक्क्यांनी डेसिमेट झाले'. झोपलेला आकडा तिथे उगाच जागा होतो. दुसरे, समूळ नायनाटासाठी. 'डेसिमेट'मध्ये कोणीतरी उरावे लागते; उरलेल्यांना जरब बसावी म्हणून तर ती शिक्षा होती.

आता मराठी. 'दाणादाण' चालणार नाही; ती पांगापांग आहे, त्यात माणसे मरतीलच असे नाही. 'होत्याचे नव्हते' म्हटले तर मागे काहीच उरत नाही. 'धुव्वा' चालला असता, पण तो आता क्रिकेटच्या मथळ्यांत इतका झिजलाय की त्यात मरण दिसत नाही. पक्ष्यांच्या वाक्यापुरते मी सरळ लिहीन : 'वादळात बेटावरचे बहुतेक पक्षी मेले.' सैन्य असेल तर 'निम्म्याहून अधिक फौज कापली गेली', अर्थात मूळ मजकुराला तेवढा आधार असेल तर. एका शब्दाला एकच शब्द मिळाला पाहिजे, हा हट्ट सोडलेला बरा.

रोमन इतिहासाचे भाषांतर करत असाल तर मात्र मित्राचेच ऐका आणि 'दहातला एक मारला' असेच लिहा. तिथे 'फौज कापून काढली' लिहिलेत, तर स्पार्टाकसशी लढायला क्रॅसससोबत उरले कोण, असे वाचक विचारेल.