पगाराच्या स्लिपमधले 105 रुपये

जूनमधली गोष्ट. पाऊस यायचा होता, नागपूर नुसतं उकडत होतं. मायलेकी माझ्याकडे सल्ला विचारायला आल्या. बोलली ती आईच. "पोरीले पाचवा महिना लागला अन् नोकरी गेली, मॅडम. जावई डिलिव्हरीची कामं करते. आता आम्हाले कोण काय देणार?"

मुलगी सव्वीसची. दीड वर्ष एका कंत्राटदाराकडून एका ऑफिसात डेटा एंट्री करत होती, पगार 14 हजार. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) दिवस गेल्याचं सांगितल्यावर सुपरवायझरचा व्हॉट्सअ‍ॅप आला, "अगले महिने से मत आना." आता तोच रोज फोन करून राजीनाम्यावर सही करायला बोलावत होता. सही केली तरच शेवटचा पगार, म्हणे.

नोकरीच नाही तर हक्क कुठले, हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याच जणी आणतात. मी तिला आधी बाळंतपणाची तारीख विचारली. डॉक्टरांनी 20 ऑक्टोबर दिली होती. मग पगाराच्या स्लिपा मागितल्या. पर्समधून चुरगळलेले तीन कागद निघाले. कपातीच्या रकान्यात दर महिन्याला 105 रुपये, पुढे 'ईएसआय'.

"हे कशाचे?"

"काय माहीत. सगळ्यांचेच कापतात."

ते कामगार राज्य विम्याचं (ईएसआय) अंशदान, म्हणजे विम्यासाठी कापलेला तिचा वाटा, पगाराच्या पाऊण टक्का. दरमहा 21 हजारांपर्यंत पगार असलेली बाई या विम्यात येते. बाळंतपण ज्या सहामाहीत आहे तिच्या आधीच्या लागोपाठच्या दोन अंशदान कालावधींत (हे सहा-सहा महिन्यांचे असतात) मिळून 70 दिवसांचं अंशदान असलं, की मातृत्व लाभ मिळतो. बाळंतपणाच्या दिवशी नोकरी असायलाच हवी असं नाही. पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे, सरासरी पगाराइतके पैसे, त्यातले 8 आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. मी कॅल्क्युलेटरवर आकडा काढून दाखवला, 80 हजारांच्या वर. आईनं तो मुलीकडून दोनदा वाचून घेतला.

धाकधूक एकच होती. कंत्राटदारानं कापलेले पैसे भरले असतील ना? विमा क्रमांकावरून पोर्टलवर पाहिलं. भरलेले होते. मुलीच्या चेहऱ्यावर आत्ता कुठे रंग आला.

राजीनाम्याबद्दल मात्र मी स्पष्ट सांगितलं, सही करू नकोस. 'स्वखुशीने' हा शब्द एकदा कागदावर आला की काढलं हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात. तो मेसेज डिलीट करू नकोस, स्क्रीनशॉट नवऱ्याच्या फोनवरही ठेव. केलेल्या कामाचा पगार सहीवर अडवता येत नाही.

विमा नसता तर? दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मातृत्व लाभाचा कायदा लागतो. तो 1961चा, त्यातल्या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. तिथे बाळंतपणाच्या तारखेआधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम भरावं लागतं, आणि गरोदरपणात काढून टाकलं म्हणून लाभ बुडत नाही. कंत्राट संपलं ही सबबही चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये कविता यादव प्रकरणात सांगितलंय. यातलं काहीच नसलेल्या बाईनं आशाताईकडे प्रधानमंत्री मातृवंदना योजनेची नोंद करावी. निकषात बसल्यास पहिल्या बाळासाठी 5 हजार, दोन हप्त्यांत. शेजारीण विम्याचे पैसे आणि हे, दोन्ही घे म्हणते, पण तसं होत नाही. नोकरीचा मातृत्व लाभ घेणारीला ही योजना नाही. सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझर धरून, सगळ्यांनाच मोफत असतं.

पुढच्या आठवड्यात ती गणेशपेठेतल्या विमा कार्यालयात जाऊन आली. एक कागद कमी पडला म्हणून परत पाठवलं, दुसऱ्या खेपेला काम झालं. बाळंतपण डागा या सरकारी दवाखान्यात झालं, मुलगी. पैसे टप्प्याटप्प्यानं खात्यात आले.

काढून टाकल्याविरुद्ध दाद माग, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नसते, हे मी तीनदा सांगितलं. ती नको म्हणाली. शेवटचा पगार सही न करता मिळाला, तेवढ्यावर तिनं सोडून दिलं. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. पण ओल्या अंगानं कोर्टाच्या पायऱ्या मला चढायच्या नव्हत्या, तिला चढायच्या होत्या.