पहिल्या फेरीमागची गाडी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. रविवारी मोटारशर्यतींच्या ट्रॅकवर जातेस म्हणून विभागप्रमुख कुरकुर करतात आणि भूलशास्त्राचं एमडी पुरं होईपर्यंत हे वेड सोडून द्यावं का, असं तू विचारतेस. सोडू नकोस. पण ट्रॅकवर गेल्यावर तू बघतेस काय, ते मला सांग.

सिड वॉटकिन्स हे नाव तुला ठाऊक असेलच. जन्म १९२८चा, लिव्हरपूलचा. ऑक्सफर्डला न्यूरोसर्जरी शिकताना सुट्टीच्या दिवशी सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर शर्यतीचे डॉक्टर म्हणून उभे राहायचे. पुढे अमेरिकेत सिराक्यूजला प्राध्यापक झाले, तर तिथेही वॉटकिन्स ग्लेनचं सर्किट गाठलंच. (आडनाव आणि सर्किट यांचं साम्य हा निव्वळ योगायोग!) १९७०मध्ये लंडन हॉस्पिटलला परतले आणि १९७८मध्ये फॉर्म्युला वन शर्यतींचा कारभार बघणाऱ्या बर्नी एक्लस्टनने त्यांना तिथे डॉक्टर म्हणून बोलावलं.

त्याच वर्षी सप्टेंबरात इटलीत मोंझाला शर्यतीच्या सुरुवातीलाच गाड्या एकमेकींवर आदळल्या. रॉनी पीटरसनची गाडी पेटली. इतर ड्रायव्हरांनी त्याला ओढून बाहेर काढलं. दोन्ही पाय मोडलेले, पण तो शुद्धीवर होता. वॉटकिन्स धावत गेले, तर पोलिसांनी कडं केलेलं. त्या कड्याने त्यांनाही अडवलं. ॲम्ब्युलन्स यायलाही बराच वेळ गेला. दुसऱ्या दिवशी पीटरसन गेला, फॅट एम्बोलिझमने, म्हणजे मोडलेल्या हाडांतली चरबी रक्तात मिसळून.

पुढच्या शर्यतीला वॉटकिन्स मागण्या घेऊनच आले. जवळ भूलतज्ज्ञ हवा (तुझ्याच शाखेचा, बघ!), हेलिकॉप्टर हवं आणि पहिल्या फेरीत सगळ्या गाड्यांच्या मागे डॉक्टरची वेगवान गाडी हवी. पहिल्याच फेरीत का? तेव्हा सगळे एका गठ्ठ्यात पळत असतात, टक्कर होण्याचा धोका तिथेच जास्त. आजही टीव्हीवर ती गाडी मागून निघताना दिसते. तू ती कधी नीट पाहिली आहेस का?

मी पाहिली नव्हती. एका शर्यतीला (कुठल्या, ते राहू दे) मी ड्यूटीवर होतो आणि इंजिनांच्या आवाजात रमलो होतो. एक पोरगा वळणावर घसरला. आमची ॲम्ब्युलन्स भिंतीकडे तोंड करून उभी आणि तिच्या मागे कुणाची तरी जीप लावलेली. चावीवाला वडापाव खायला गेलेला. पोराच्या जिवावरचं मनगटावर निभावलं, म्हणून मी आज हे हसत लिहितोय. चूक माझीच होती. सकाळी जाऊन बघायला हवं होतं.

प्रेम असलं की नाही म्हणणं जड जातं. १९८७मध्ये इटलीतल्या इमोलाला सरावात नेल्सन पिके या ड्रायव्हरची गाडी भिंतीवर जोरात आदळली. त्याला शर्यत हवीच होती. डोक्याला मार आहे म्हणून वॉटकिन्सनी त्याला उतरू दिलं नाही. पिके चांगलाच रागावला असणार. रागावू दे.

आणि १९९४, तेच इमोला. शनिवारी रोलँड रॅट्झेनबर्गर हा ड्रायव्हर अपघातात गेला. त्याच्यासोबतचा ड्रायव्हर आणि वॉटकिन्सचा मित्र आयर्टन सेना वॉटकिन्सच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. वॉटकिन्स त्याला म्हणाले, तीन वेळा जगज्जेता झालास, आता सोड, दोघं मासे पकडायला जाऊ. सेनाने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी, १ मेला, तांबुरेल्लोच्या वळणावर त्याची गाडी भिंतीवर आदळली, तेव्हा त्याचा श्वासमार्ग मोकळा करायला वॉटकिन्सचेच हात होते. सेना वाचला नाही. मित्र आणि पेशंट एकच. हे मी तुला शिकवू शकत नाही, मला स्वतःलाच जमेल की नाही कोण जाणे.

त्यानंतर सुरक्षेसाठी नेमलेल्या तज्ज्ञ समितीचे ते प्रमुख झाले. मान आणि डोकं सांभाळणारं हान्स हे साधन २००३पासून फॉर्म्युला वनमध्ये सक्तीचं झालं, त्यामागे त्यांचाही रेटा होता. २०१२मध्ये ते गेले.

पुढच्या रविवारी ट्रॅकवर गेलीस की गाड्या सुटण्याआधी ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरशी चहा पी. ऑक्सिजनचा काटा स्वतः बघ, लॅरिंगोस्कोपचा (घशात बघायच्या उपकरणाचा) दिवा लावून बघ, आणि गेटची किल्ली कुणाकडे आहे ते विचार. मग कळव.

तुझा,
सर